दोन मडक्यांमधलं बाळ

मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी काय असतं ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ‘पहिला पाऊस’, ‘होस्टेलचे दिवस’, ‘आई’, आणि मेसच्या भाजीवर एखादी विनोदी कविता. त्यामुळे मी जेव्हा संपादक मंडळाला माझा विषय सांगितला, तेव्हा समोरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. विषय होता, तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या लहान मुलांची हाडं. "तू मेकॅनिकलची ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

हो, मेकॅनिकलचीच. आणि मेकॅनिकलमुळेच मी या विषयात शिरले. त्याचं असं झालं, माझी एक मावसबहीण पुण्यात पुरातत्त्वशास्त्रात एम.ए. करते. मी सेकंड इयरला असताना एका रात्री तिचा फोन आला, "ए, पोलर मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे काय गं?" मला वाटलं ताई चेष्टा करतेय. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचा तो ‘जे’, ज्याच्यामुळे आपल्या निम्म्या वर्गाची झोप उडते, तो मडकी उकरणाऱ्या माणसांना कशाला हवाय? तर ती म्हणाली, "लहान मुलाच्या मांडीच्या हाडावरून त्याचं वजन काढायचंय. मूल मेलंय इसवी सनापूर्वी."

त्या रात्री सबमिशन बाजूला राहिलं. हा लेख त्या फोनचाच परिणाम आहे.

आधी जागा सांगते. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं त्या जागी शेतकऱ्यांचं गाव नांदत होतं. सातू पिकवायचे, गुरं पाळायचे, तांबं आणि दगडाची पाती दोन्ही वापरायचे. अभ्यासक या काळाचे तीन भाग करतात : माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे. जोर्वे हे संगमनेरजवळच्या गावाचं नाव. तिथली मडकी आधी सापडली म्हणून संस्कृतीलाही तेच नाव पडलं.

मी कॉन्व्हेंटची. सहावीच्या इंग्रजी इतिहासाच्या पुस्तकात इनामगाव होतं, पण आम्ही ते ‘इजिप्त’ आणि ‘मेसोपोटेमिया’च्या चालीवर इतकं पाठ केलं की ते एसटीने जाता येईल असं गाव आहे हे डोक्यातच आलं नाही. लक्षात राहिला होता तो चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात तो सापडला, म्हणून तो गावाचा प्रमुख असावा असं म्हणतात. परीक्षेत त्यावर प्रश्न यायचा. मुलांवर येत नव्हता.

आणि खरं म्हणजे इनामगावात मुलंच जास्त आहेत. तिथे दोनशेहून अधिक दफनं सापडली. त्यातली बहुतेक लहान मुलांची, कितीतरी तर अगदी तान्ह्या बाळांची. मोठ्या माणसांना खड्ड्यात उत्तरेकडे डोकं करून सरळ झोपवायचे, आणि घोट्यापासून त्यांचे पाय तोडायचे! (होस्टेलमध्ये रात्री सांगायला ही माहिती उत्तम आहे.) मेलेला माणूस भूत होऊन कुठे जाऊ नये म्हणून पाय तोडत असावेत, असा ढवळीकरांचा अंदाज. लहान मुलांचे पाय मात्र तोडलेले नाहीत. त्यांच्यासाठी दोन मडकी घ्यायचे. बाळाला आत ठेवायचं, दोन्ही मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवायची, आणि घराच्या जमिनीखाली खड्डा करून ती जोडी आडवी ठेवायची. शेजारी तोटीचं भांडं, वाडगा. मग वरून जमीन सारवून घ्यायची. आणि त्याच जमिनीवर पुन्हा संसार.

आपल्या हिंगोलीकरांना पुणे जिल्हा लांबचा वाटेल. पण नेवासा आणि दायमाबाद ही याच संस्कृतीची गावं प्रवरेच्या काठावर आहेत, आणि प्रवरा गोदावरीला मिळते. आमच्या गावाजवळून वाहणारी कयाधू पैनगंगेला मिळते, आणि ते पाणीही शेवटी गोदावरीतच जातं. तेव्हा नदीच्या नात्याने ती आपलीच माणसं. नेवाशाला तर एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांब्याच्या क्षारांमुळे त्या माळेचा दोरा कुजला नाही, आणि त्यात कापूस आणि रेशमाचे धागे ओळखता आले. आजही आपल्याकडे बाळाच्या गळ्यात काळा दोरा असतोच की.

आता हाडांकडे येऊ. जगभर पुरातत्त्ववाले फार वर्षं मुलांच्या सांगाड्यांकडे दुर्लक्ष करत होते. लहान हाडं मऊ असतात, मातीत विरून जातात, उकरताना दगड-काड्या समजून फेकली जातात. इनामगावात मडक्यांनी ती वाचवली. आईबापांनी बाळासाठी केलेली ती व्यवस्था तीन हजार वर्षं टिकली. एकाच प्राचीन गावातले एवढे बालसांगाडे मिळणं ही जगातसुद्धा दुर्मिळ गोष्ट आहे. सांगाड्यांच्या अभ्यासाची डेक्कन कॉलेजातली परंपराही जुनी आहे. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावती कर्वे मुळात मानवशास्त्रज्ञ. गुजरातेतल्या लांघणजच्या प्रागैतिहासिक सांगाड्यांवर त्यांनी डॉ. कुरूलकरांबरोबर १९४५ मध्येच लिहिलं होतं. इनामगावच्या सांगाड्यांवर जॉन ल्यूकाक्स आणि डॉ. एस. आर. वाळिंबे यांनी वर्षानुवर्षं काम केलं, आणि १९८६ मध्ये त्यांचा स्वतंत्र ग्रंथ निघाला.

पहिला प्रश्न : मूल किती वर्षांचं होतं? इथे दात कामाला येतात. दात ठरलेल्या वेळापत्रकाने तयार होतात आणि उपासमार झाली तरी ते वेळापत्रक फारसं बिघडत नाही. हाडांचं तसं नाही. खायला मिळालं नाही की लांबी वाढायची थांबते. म्हणजे दातांवरून वय काढायचं, मांडीच्या हाडावरून उंची काढायची, आणि दोन्ही शेजारी ठेवायचं. दात म्हणतात तीन वर्षं आणि हाड म्हणतं दोन, तर मधलं एक वर्ष कुठे गेलं? ते उपासात गेलं किंवा दुखण्यात गेलं. इतकं सोपं गणित आहे, आणि इतकं वाईट.

दुसरा प्रश्न आपल्या ‘जे’चा. मांडीचं हाड म्हणजे पोकळ शाफ्ट. आपण जो फॉर्म्युला पाठ केलाय तोच इथे लागतो, बाहेरच्या व्यासाचा चौथा घात वजा आतल्या व्यासाचा चौथा घात, गुणिले पाय भागिले ३२. मूल जेवढं वजन पेलत चालतं-रांगतं, त्या प्रमाणात हाड स्वतःला मजबूत करत जातं. ग्वेन रॉबिन्स शूग या अमेरिकन संशोधिकेने हाडाच्या मधल्या छेदाच्या ‘जे’वरून मुलाचं वजन काढायची पद्धत सहकाऱ्यांबरोबर २०१० मध्ये मांडली. पुढच्या वर्षी आलेल्या तिच्या पुस्तकात इनामगावची हीच मुलं आहेत. हाड कापायला लागत नाही, एक्स-रे किंवा सीटी स्कॅनवर छेद मिळतो.

मी ताईसाठी एक उदाहरण सोडवलं, ते इथे देते. (इंजिनिअरिंगचं मॅगझिन आहे, एक तरी न्यूमेरिकल हवंच!) आकडे सोयीसाठी घेतलेत. समजा हाडाचा बाहेरचा व्यास १० मिलिमीटर, आतली पोकळी ४ मिलिमीटर. ‘जे’ येतो सुमारे ९५७. आता पोटात अन्न नाही, आणि शरीराला हाडातलं मटेरियल काढून वापरायचंय. आतून काढलं आणि पोकळी ६ मिलिमीटर झाली, तर मटेरियल गेलं सुमारे २४ टक्के, पण ‘जे’ उतरला फक्त ११ टक्क्यांच्या आसपास. तेच बाहेरून काढून व्यास ९ केला असता, तर मटेरियल साधारण तेवढंच जातं, पण ‘जे’ ३५ टक्क्यांनी कोसळतो.

आणि कुपोषित मुलाचं शरीर काय करतं? आतूनच काढतं. ग्वाटेमालातल्या कुपोषित मुलांचे एक्स-रे अभ्यासून १९६४ मध्ये हे दाखवलं गेलं. हाडाची भिंत आतल्या बाजूने पातळ होत जाते, बाहेरून हाड हाडासारखंच दिसतं. मी ते वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, वा, काय डिझाइन आहे! आणि लगेच त्या ‘वा’ची लाज वाटली. कारण हे डिझाइन कुठल्या ड्रॉइंग बोर्डवर नाही, भुकेल्या लेकराच्या मांडीत चाललंय. बाहेरून ते मूल चालत असतं, हसत असतं, आणि आतून भिंत झिजत असते.

तिसरी गोष्ट दातांचीच, पण वेगळी. आपल्याकडे म्हणतात, बाळाच्या पाचवीला सटवाई येते आणि कपाळावर लेख लिहून जाते. आमच्या घरी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात (माझ्या वेळी तर म्हणे रेनॉल्ड्सचं ठेवलं होतं). तो लेख कुणाला वाचता येत नाही. आता गंमत बघा. बाळ जन्माला येतं तेव्हा हिरड्या रिकाम्या दिसतात, पण आत वीसच्या वीस दुधाच्या दातांचं काम सुरू झालेलं असतं. दाताचं एनॅमल थरांनी बनतं, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखं. जन्माच्या वेळी शरीराला जो धक्का बसतो, त्याची एक बारीक रेघ त्या एनॅमलमध्ये उमटते. सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसते. रेघेच्या अलीकडचं आईच्या पोटातलं, पलीकडचं जगातलं. पुढे मोठं दुखणं आलं, उपासमार झाली की आणखी खुणा. हाड आयुष्यभर झिजतं, भरतं, बदलतं. एनॅमल एकदा झालं की झालं, तिथे खाडाखोड नाही. म्हणजे सटवाई लिहिते हे खरं, फक्त कपाळावर नाही, दातात लिहिते. आणि पुढचं नाही, मागचं लिहिते.

इनामगावच्या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर अशी एक खूण सापडते, ओठाच्या बाजूला छोटासा गोल खळगा. त्याचं कारण असं सांगतात की अन्न निकृष्ट असलं की वाढत्या सुळ्यावरचं जबड्याचं हाड फार पातळ राहतं. बाळ तर हाताला येईल ते तोंडात घालणारच. त्याचा दाब थेट आत तयार होणाऱ्या दातावर पडतो आणि तिथे एनॅमल नीट बसत नाही. मला हे वाचून कसंतरीच झालं. खेळता खेळता तोंडात घातलेल्या एखाद्या वस्तूची खूण तीन हजार वर्षांनी कुणीतरी मोजतंय!

आता खरी गोम. इ.स.पू. १००० च्या सुमारास इनामगावची परिस्थिती बदलली. आधीची मोठी चौकोनी घरं, पाटाचं पाणी, धान्याचे साठे, हे सगळं ओसरलं आणि त्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या. शेती कमी, शिकार आणि गुरं जास्त. अशा वेळी मुलांचं काय झालं? ल्यूकाक्स आणि वाळिंबे यांनी १९९८ मध्ये सुळ्यांवरचे खळगे मोजले, तर ते उत्तर जोर्वे काळात कमी झालेले दिसले. म्हणजे मुलांची तब्येत सुधारली? आणि शूग यांना त्याच काळातल्या हाडांत वाढ खुंटल्याच्या, अंगावर मांस नसल्याच्या खुणा दिसल्या. म्हणजे बिघडली? एकाच गावातली मुलं, आणि दात एक सांगतात, हाडं दुसरं.

आपल्याकडे दोन इन्स्ट्रुमेंटची रीडिंग जुळली नाहीत की आपण आधी इन्स्ट्रुमेंटला नावं ठेवतो. पण इथे विचार करायला लागतो, कारण दोघं एकच गोष्ट मोजत नाहीयेत. सुळ्याचा खळगा पहिल्या काही महिन्यांबद्दल बोलतो. हाडाची जाडी शेवटच्या काही महिन्यांबद्दल. शिवाय १९९२ मध्ये जेम्स वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्न विचारून ठेवलाय, तो या विषयातल्या सगळ्यांना छळतो. दातावर खूण उमटायला मूल त्या दुखण्यातून जगायला हवं. जे मूल पहिल्याच तापात दोन दिवसांत गेलं, त्याचे दात आणि हाडं अगदी स्वच्छ असतात. म्हणजे स्वच्छ सांगाडा हा निरोगी मुलाचाही असू शकतो आणि सगळ्यात दुबळ्या मुलाचाही. खूण ही नुसती दुखण्याची नाही, दुखण्यातून उठल्याचीही आहे. आणि एक गोष्ट तर विसरूच नये. आपल्यासमोर आहेत ती सगळी न जगलेली मुलं आहेत. जी जगली, मोठी झाली, त्यांचं बालपण त्या मडक्यांत नाही.

आणखी एक. वयात यायच्या आधी हाडांवरून मुलगा की मुलगी हे खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे उत्खननाच्या नोंदींत ही सगळी नुसती ‘बालक’ आहेत. आता एनॅमलमधल्या एका प्रथिनावरून ते ओळखायची पद्धत आली आहे, २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्या बाळांना निदान एवढी तरी ओळख परत मिळेल.

आता कुणी म्हणेल, एवढं मोजून करायचं काय? मेलेली मुलं ती, तीन हजार वर्षं झाली.

माझी आई कळमनुरी तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. माझं निम्मं बालपण वजनकाट्याशेजारी गेलं. आईचं काम काय, तर मुलाचं वय लिहायचं, उंची मोजायची, वजन घ्यायचं, दंडाला पट्टी लावायची. पट्टीवर तीन रंग असतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आलं की लाल, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. शूग हाडांवर जे करते तेच आई जिवंत मुलांवर करते. वयाला उंची आणि उंचीला वजन. फक्त आईकडे सीटी स्कॅन नाही, मोबाईलमध्ये पोषण ट्रॅकर आहे आणि रेंज आली तर ते चालतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. दर तीनात एकाहून जास्त. त्यांच्या हाडांत आज जे लिहिलं जातंय ते आणखी तीन हजार वर्षांनीही वाचता येईल.

आमच्या शेजारच्या तांड्यावरची काही कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. आईच्या जुन्या रजिस्टरमध्ये त्या लेकरांच्या वजनाच्या रेघा कार्तिकात तुटतात आणि चैत्र-वैशाखात पुन्हा सुरू होतात, बऱ्याचदा जिथे सोडली त्याच्याही खालून. मधल्या महिन्यांत काय झालं ते रजिस्टरला माहीत नाही. आई म्हणते, "मला नाही माहीत, पण लेकराच्या अंगाला माहीत आहे." तिने इनामगावचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं.

आणि मग आजी. आमची आजी सत्तरीची आहे. "लेकरं किती?" असं कुणी विचारलं की घरातले सगळे म्हणतात तीन : बाबा, काका आणि आत्या. आजी म्हणते, "पाच झाली. तीन हायेत." पहिलं लेकरू बहात्तरच्या दुष्काळात गेलं. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी खायची, अंगावर दूध नव्हतं. उष्टावण व्हायच्या आत ते गेलं. दुसरं गेलं आत्याच्या आधी, हगवणीने. आपल्याकडे दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. दोघंही शेताच्या बांधावर लिंबाच्या झाडाखाली आहेत. त्यांची नावं नाहीत, रेशनकार्डावर ती कधी आली नाहीत, फोटोचा तर प्रश्नच नाही.

मागच्या उन्हाळ्यात काकांनी शेततळं घ्यायचं ठरवलं. हळदीला पाणी पुरत नाही, त्यामुळे त्यांचंही बरोबरच होतं. जागा निघाली नेमकी त्या लिंबाच्या कोपऱ्यात, कारण उतार तिकडे आहे. जेसीबी दारात आला. आजी काही बोलली नाही, भांडली नाही. चालत शेतात गेली आणि लिंबाखाली जाऊन बसली. जेसीबीचं भाडं तासावर असतं. काका चिडले, "आता काय उरलंय तिथं? पन्नास वर्षं झाली. माती झाली असंल." आजी म्हणाली, "मातीच हाय की. मग ऱ्हाऊ दे ना माती."

मी तिथे होते. काकांना सांगावंसं वाटलं की हाडं पन्नास वर्षांत माती होतातच असं नाही, इनामगावला तीन हजार वर्षं टिकली, आणि हिरड्यांतले ते न उगवलेले दात तर टिकायलाच हवेत. पण ते सांगून काय झालं असतं? आजीचं म्हणणं हाडांवर अवलंबून नव्हतंच. तिला ती जागा माहीत होती, बस्स. शेवटी बाबांनी टेप काढला, आम्ही दोघांनी लेव्हल पाहिली आणि तळं पंधरा फूट वर सरकवलं. खोदाई थोडी वाढली, एका कोपऱ्याला भराव घालावा लागला. माझ्या सर्व्हेइंगचा घरात झालेला हा पहिला उपयोग.

फिलिप आरिएस नावाच्या फ्रेंच इतिहासकाराने १९६० मध्ये पुस्तक लिहून असं मांडलं की जुन्या काळात ‘बालपण’ ही कल्पनाच नव्हती, मुलं इतकी मरायची की आईबाप त्यांच्यात फार जीव गुंतवत नसत. नंतरच्या अनेक इतिहासकारांनी ते खोडून काढलं. पण आपल्याही बोलण्यात ते असतंच, "तेव्हा काय, दहा व्हायची, चार जगायची, कुणाला एवढं वाटायचं!" मी हे आजीला एकदा विचारलं. तिने मला असं पाहिलं की मी विषयच बदलला.

इनामगावच्या आयांना काय वाटत होतं हे हाडं सांगत नाहीत. रडणं सांगाड्यात उतरत नाही. घराखाली पुरण्यामागे प्रेम होतं, भीती होती, की ते पोटी परत यावं ही आशा होती, यावर विद्वान वाद घालतात आणि घालोत. मला फक्त जे मोजता येतं तेवढंच सांगायचंय. दोन धड मडकी, एक तोटीचं भांडं, एक वाडगा. मडकं घडवायला माती, भाजायला जळण आणि कुणाचे तरी हात लागतात. ज्या घरात खायची मारामार होती, त्या घरानेही हे केलं, दोन-चार दिवसांच्या बाळासाठीसुद्धा. आणि हे एखाद्या हळव्या बाईने एकदा केलेलं नाही, पिढ्यान्पिढ्या चाललं. ज्याचं काही वाटत नाही त्याच्यासाठी माणूस घरातली भांडी मोडत नाही, एवढं मला आमच्या आजीकडे बघून नक्की कळतं.

तर मित्रांनो, सेमिस्टर संपली की आपण सगळे घरी जाणार. कुणी वसमतला, कुणी औंढ्याला, कुणी सेनगावला. आजी असेल त्यांनी एक करा. "आजी, तुला लेकरं किती?" असं विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. "झाली किती?" असं विचारा. मग गप्प बसा. एक्झामिनर ओरल्सला आपल्याला देतात तेवढासुद्धा वेळ आपण आजीला देत नाही, तेवढा द्या. जो आकडा येईल तो, वर्ष सांगितलं तर वर्ष, जागा सांगितली तर जागा, वहीच्या मागच्या पानावर का होईना, पण लिहून ठेवा. त्यांचे दात वाचायला कुणी येणार नाही.